ऑरिनशेजारची जागा

९ डिसेंबर

म्हातारी गेली. सकाळी ओटची पेज घेऊन वर गेले तर तोंड उघडं, हात गार. पेज खाली आणली, डुकरांच्या बादलीत ओतली, मग गोठ्यात जाऊन नवऱ्याला, मेरिलला सांगितलं. तो म्हणाला, "एवढ्या दोन गायी पिळून येतो." आणि पिळूनच आला.

मला रडू आलं नाही. इतकी वर्षं सासूला न्हाऊ घातलं, भरवलं, तिची अंथरुणं धुतली, आणि परवासुद्धा काय ऐकलं? "नॉरीन, तुझ्या चहाला गवताची चव येते."

दुपारी क्लेटन आला. गावातल्या कबरी तोच खणतो आणि रस्त्यावरचा बर्फही तोच काढतो. टोपी हातात धरून म्हणाला, "जमीन दगड झालीय. आता मे महिन्याशिवाय कुदळ चालायची नाही. मी ऑक्टोबरातच विचारून गेलो होतो." आमच्याकडे एखादं म्हातारं माणूस हिवाळा काढेल असं वाटत नसलं की गारठा पडायच्या आत खड्डा खणून ठेवतात, वर फळ्या टाकतात. क्लेटन विचारायला आला तेव्हा मेरिलने त्याला दारातूनच हाकललं होतं. आता भोगा! शवपेटी मेपर्यंत कबरस्तानाच्या फाटकाजवळच्या दगडी खोलीत राहणार.

१२ डिसेंबर

चर्चमध्ये प्रार्थना झाली. पेटी दगडी खोलीत ठेवली. शेजारणींनी इतकं अन्न आणून दिलंय की महिनाभर चूल पेटवायला नको.

सगळे गेल्यावर नणंदबाईंनी तोंड उघडलं. व्हर्ना हार्टफर्डला राहते, वर्षातून एकदा येते, आणि येते तेव्हा कपाटांवरची धूळ बोटाने बघते. कॉफीत साखर ढवळत म्हणाली, "थँक्सगिव्हिंगला आई मला फोनवर म्हणाली होती. तिला ऑरिनशेजारी ठेवायचंय."

मी म्हटलं, "सासऱ्यांशेजारी तिची जागा आहे. दगडावर नावसुद्धा कोरून ठेवलंय, नुसतं साल घालायचं राहिलंय."

"ते आहे गं. पण तिला नातवाजवळ राहायचं होतं. शेवटची इच्छा आहे ती."

ऑरिनच्या एका बाजूला कुंपणाची भिंत आहे. दुसऱ्या बाजूला एकच जागा, आणि ती माझी. त्याला मातीत ठेवलं त्या दिवशी मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मेल्यावर मी इथे येणार. मेरिलने मान डोलावली होती. सहा वर्षांचं पोर माझं. जिवंतपणी जे मिळालं नाही ते मेल्यावर तरी मिळू दे.

मेरिलला विचारलं, "तू काय म्हणतोस?" तो म्हणाला, "बघू."

१३ डिसेंबर

एक गोष्ट लिहून टाकते. ऑरिन तापाने फणफणला होता. मी त्याला पांघरुणात गुंडाळून गाडीत घालत होते, तेव्हा म्हातारी दारात उभी राहून विचारत होती, "काल त्याला टोपी घातली होतीस का?" पोर परत आलं नाही. पण ते वाक्य घरातच राहिलं. तिने कधी ते मागे घेतलं नाही. आणि आता तिला त्याच्याजवळ झोपायचंय.

२५ डिसेंबर

हॅम. बटाटे. मेरिल आणि मी. त्याने मला हातमोजे दिले, मी त्याला हातमोजे दिले.

१९ जानेवारी

नळ गोठले. मेरिल दिवसभर सिंकखाली नळाला दिव्याची ऊब देत बसला. मी विचारलं, "व्हर्नाला स्पष्ट सांगितलंस का?" म्हणाला, "मे अजून लांब आहे." मी म्हटलं, "म्हणजे मी मेपर्यंत जळत बसू?" तो पान्हा शोधायला उठला.

जमिनीत गेलं की विषय मिटतो. पण ती तिथे फाटकाशी पडून आहे आणि रोज आमच्या जेवणाच्या टेबलावर आहे.

६ फेब्रुवारी

जोआनचा फोन. माझी बहीण, पोर्टलंडला असते. बेकरीत कामाला बाई हवीय, वरची खोली रिकामी आहे. "म्हातारी होती तोवर तू अडकलेली होतीस," म्हणाली. "आता कुणासाठी?"

मेरिलशी मी शेवटचं नीट कधी बोलले ते आठवत नाही. ऑरिन गेल्यापासून आम्ही दोघं एकाच घरात भाडेकरूंसारखे राहतोय. मी तिला हो म्हटलं. दफन उरकलं की निघायचं. मेरिलला आत्ता काही बोलायचं नाही. कळलं तर म्हणतील, जाणाऱ्या बाईला जागा कशाला? जाईन, पण मेल्यावर इथेच येईन. ती जागा सोडणार नाही.

२७ फेब्रुवारी

बर्फ. बर्फावर बर्फ. कंटाळा आला.

१८ मार्च

मेपलच्या झाडांचा रस वाहायला लागला. रात्री गोठतं, दिवसा उन्हात ठिबकतं. कालपासून शेडमध्ये रसाचा पाक करायला कढई अखंड उकळतेय. व्हर्ना आणि तिचा नवरा ड्वाइट "मदतीला" आलेत. ड्वाइट कढईजवळ उभा राहून वाफ हुंगतो, तीच मदत.

आज शेडमध्येच तोंडाला तोंड लागलं. व्हर्ना म्हणाली, "तुझ्याकडून माझ्या आईचं एवढंही होत नाही?"

"तुझ्या आईचं मी काय काय केलंय ते विचारायला तू होतीस कुठे? तिचं ढुंगण धुवायला हार्टफर्डहून येत होतीस?"

"मेलेल्या माणसाबद्दल बोलतेयस तू."

"मग जिवंत माणसाची जागा का मागतेस?"

ड्वाइट मधे पडला, "अहो बायांनो, जरा शांत —" त्याला दोघींनीही गप्प केलं. व्हर्ना रडायला लागली. मीही. आणि तेवढ्यात जळका वास आला. कढईवर नजर ठेवायचं काम माझं होतं. रस तळाला आटून काळा झाला होता, धूर निघत होता, कढईचा तळ वाकडा झाला. दोन दिवसांचा रस गेला.

मेरिल लाकडं घेऊन आला. त्याने भट्टीचं दार उघडून त्यात फावड्याने बर्फ टाकला, ओरडला नाही. मग म्हणाला, "नॉरीन म्हणते तसं होईल. व्हर्ना, आता हा विषय बंद."

व्हर्ना म्हणाली, "तुला माहीत आहे आई का —" तो म्हणाला, "बंद म्हटलं ना."

मी जिंकले. संध्याकाळभर कढई घासत होते, काळं काही निघत नव्हतं.

१४ एप्रिल

चिखल. रस्ता गिळला गेलाय. टपालाची गाडी दोन दिवस आली नाही.

२२ एप्रिल

गमबूट घालून कबरस्तानात गेले. दक्षिणेकडचा बर्फ सरकलाय, ऑरिनचा दगड वरपर्यंत मोकळा झालाय. दगडी खोलीकडे बघितलं नाही.

क्लेटन पडलेल्या फांद्या गोळा करत होता. म्हणाला, "तुमच्या सासूबाई, अल्मेडाबाई, चालत होत्या तोवर भर हिवाळ्यातही यायच्या. पायाला बर्फातले जोडे बांधून. पोराच्या दगडावरचा बर्फ हाताने झाडायच्या. मी म्हणायचो, बाई, मी झाडतो, तुम्ही घरी जा. ऐकायच्या नाहीत."

मला हे माहीत नव्हतं. शेजारी अंडी आणायला जाते असं सांगून घरातून निघायची. मी म्हटलं, "मन खात असेल." क्लेटनने फांद्या उचलल्या आणि गाडीत टाकल्या.

मग मी माझ्या जागेवर बसले. ओलं झालं तरी बसून राहिले. बरं वाटलं. कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

११ मे

क्लेटन दारात. "जमीन मऊ झालीय. कुठे खणू?" मेरिलने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सासऱ्यांशेजारी. जिथे नाव कोरलंय तिथे." क्लेटनने मेरिलकडे बघितलं. मेरिल म्हणाला, "ती म्हणतेय ना."

१७ मे

पुरलं एकदाचं. काळ्या माशा इतक्या की पाद्रीबाबा एका हातात पुस्तक धरून दुसऱ्या हाताने मान झोडत होते. व्हर्ना माझ्याशी बोलली नाही. ड्वाइटने हात हलवला, तेवढंच. मेरिलने मूठभर माती टाकली आणि ऑरिनच्या दगडाशी जाऊन उभा राहिला, बराच वेळ. मला हाक मारली नाही. मीही गेले नाही.

घरी येऊन बॅग काढली.

२३ मे

मेरिलला सांगितलं. जोआन रविवारी न्यायला येतेय. तो बूट काढत होता. म्हणाला, "माहीत आहे."

त्याच्या आईने त्याला ऑक्टोबरातच सांगितलं होतं. "मी गेले की नॉरीन जाईल. जाऊ दे तिला, अडवू नकोस, खूप केलंय तिने. पण मग पोराजवळ कुणीच उरणार नाही. मला तिथे ठेव. आणि तिला यातलं काही सांगू नकोस, नाहीतर लाजेखातर थांबेल."

म्हातारी आता नवऱ्याशेजारी आहे, वरची मातीही बसली. ऑरिनशेजारी कुणी नाही.