नारळ ज्याच्या हाती, जमीन त्याच्या माथी

अण्णा, काल बोळिंजला भूमिपूजन झालं आणि नारळ मी तुमच्या मुलाच्या हातात दिला. तुम्ही माझ्या हातात दिला होतात, अगदी तसाच. तुम्ही उभे होतात तसाच पूजेच्या उजव्या अंगाला उभा राहिलो, खिशातलं पेन काढून. बावीस वर्षं मी या दिवसाची वाट बघत होतो. तुम्हाला जाऊन अकरा झाली, तरी वाट बघणं सुटलं नाही. रोज सकाळी देवापुढे बसणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळतं. तरी सांगतो, काल मला बरं वाटलं.

सातिवलीचं गोडाऊन तुम्ही विसरला नसाल. मालकाने नकाशापासून छपरापर्यंत सगळं तुमच्यावर सोपवलं होतं. आराखडा तुमचा, बांधकामही तुमचं. आपल्या भागात तेव्हा ही पद्धत नवी होती. "सगळं एकाच्या गळ्यात घातलं की मालक सुटला," असं तुम्ही हसत सांगितलंत. आपल्या गळ्यातलं काढून दुसऱ्याच्या गळ्यात कसं घालायचं, ते मात्र सांगितलं नाहीत. बाकी सगळं तुम्हीच शिकवलंत. सिमेंट चिमटीत घेऊन ते शिळं आहे का ओळखणं, सळईची गाठ ओढून बघणं. त्याआधीच्या एका साइटवर माझा कॉलम अर्धा इंच कलला, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, "भातशेतीवाला तू. इथे काय बांध घालतोयस?" मी तो कॉलम फोडून पुन्हा उभा केला. त्या दिवशी तुम्ही तुमचा पितळी ओळंबा माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "आता पुढचा पाया तुझा. स्वतंत्र कंत्राट घे."

पाया ज्याचा, नारळ त्याने फोडायचा, ही तुमची रीत. तो मान वाटायचा सगळ्यांना. सातिवलीच्या भूमिपूजनाला मी नवा सदरा घालून आलो होतो. ताटात हळदकुंकू, सुपारी आणि कडेला करार, त्याच्या पहिल्या पानावर कुंकवाचं बोट. मी पान उलटलं, तसे तुम्ही पुढे आलात.

"अरे, भटजी खोळंबलेत. देवापुढचा कागद कोणी तपासतं का?"

मागून सेंट्रिंगवाला ओरडला, "कर सही, शेठ! आजपासून आम्ही तुला सलाम ठोकणार!" सगळे हसले. मीही हसलो आणि न वाचता सही केली. नवव्या पानावर लिहिलं होतं की जमिनीखाली जे निघेल, त्याची जबाबदारी पाया करणाऱ्याची.

जमिनीखाली काय आहे ते तुमच्या कपाटात होतं. अठरा फुटांपर्यंत काळा चिखल. माती तपासणीचा तो अहवाल वाचून त्याच्यावर तुम्ही सही केली होती आणि तरी आराखड्यात पाया आठ फुटांवर थांबवला होता. गोडाऊनमध्ये माल भरला आणि चार महिन्यांत मागचा कोपरा खचला. मालकासमोर तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाहीत. "पाया याचा. सही बघा." एवढंच बोललात. अहवाल मला नंतर मालकाच्या इंजिनिअरने दाखवला, पण तोवर सातिवलीच्या टपऱ्यांवर माझं नाव 'बुडवणारा' पडलं होतं. चार वर्षं मी भिवंडीत दुसऱ्याच्या साइटवर राबलो, कारण इथे कोणी उभं करत नव्हतं.

आता मीही आराखड्यासकट कामं घेतो. माझ्या करारात अहवाल पहिल्या पानाला जोडलेला असतो. अहवालात दिसते ती जमीन पाया करणाऱ्याची, त्यापलीकडे काही निघालं तर माझी आणि मालकाची. धोका कागदावर ढकलल्याने नाहीसा होत नाही. ज्याला तो आधी दिसला त्याने निदान बोट दाखवावं. हे मी तुमच्याकडून शिकलो, तुम्ही न शिकवता.

तुमचा मुलगा पायाची कामं करतो. एव्हरशाईन वसाहतीत त्याचं ऑफिस आहे, भिंतीवर तुमचा हार घातलेला फोटो. मला काका म्हणतो. काल तोही न वाचता सही करायला निघाला. मी कागदावर हात ठेवला.

"आधी अहवाल वाच."

"काका, मुहूर्त जाईल."

"जाऊ दे."

त्याने उभ्याउभ्या वाचला. मग हसून म्हणाला, "हे तर सगळे लपवतात. तुम्ही काय देवमाणूस आहात का?"

"लपवतात. तुझ्या अण्णांनी माझ्यापासून लपवला."

मग मी सगळं सांगितलं, गवंड्यांच्या आणि भटजींच्या देखत. त्याचा चेहरा उतरत गेला आणि मी थांबलो नाही. तो हळू म्हणाला, "अण्णा तर म्हणायचे, तुम्ही घाई केलीत."

"म्हणणारच."

नारळ त्याला तीन घावांत फुटला. सही केली, पण जाताना पाया पडला नाही. आज सकाळी त्याच्या ऑफिसात नकाशे द्यायला गेलो. फोटो होता. हार नव्हता.

हे तुम्हाला कळावं म्हणून लिहायला बसलो होतो. पण लिहिताना माझे वडील आठवले. सातिवलीच्या त्या जागेचं नाव ऐकून ते म्हणाले होते, "तिथं खाली पानी हाय. म्हस रुतली तर निघत नाय." पूजेच्या आधी दोन दिवस म्हणाले होते. आठ फूट पुरणार नाहीत, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी तुमच्यापाशी बोललो नाही. बोललो असतो तर तुम्ही नारळ दुसऱ्याच्या हातात दिला असतात.

काल तुमच्या मुलाला मी एवढं सोडून सगळं सांगितलं. त्याच्या टेबलावर नेऊन ठेवावा असा हा एकच कागद आहे, अण्णा, आणि तो मी नेणार नाही.