आधीच मानलेले आभार

३ मार्च १९९९, बुधवार

ट्विला संध्याकाळी साडेपाचला मला अंथरुणात घालून गेली. साडेपाचला! बाहेर लख्ख ऊन आहे. समोरचा डेल्बर्ट अजून कुंपण रंगवतोय, आणि मी नाइटगाऊन घालून छताकडे बघत पडलेय. वय वर्षं त्रेसष्ट.

ट्विलाला बोलून उपयोग नाही. मदतनीस पाठवणाऱ्या एजन्सीनं तिला दिवसाला सात घरं दिलीत, त्यात माझं सहावं. "काय करू ऑर्फाबाई, सातवी म्हातारी तिकडं ओली बसलेली असते." खरंय तिचं. पण आता उद्या सकाळी आठपर्यंत मी काही म्हणजे काही मागायचं नाही. म्हणून दुपारी तीननंतर मी पाणीच पीत नाही. पोलिओनं पाय नेले ते सातव्या वर्षी, त्याचं आता काही वाटत नाही. पण हे!

हातांतही आता जोर नाही, पेन रबरबँडनं बोटांना बांधून घेतलंय. अक्षर किडामुंगीसारखं येतंय. येऊ दे, वाचणार कोण आहे?

९ मार्च, मंगळवार

राजधानीतून, लिटल रॉकहून, सरकारी खात्यातल्या प्रॅदरबाई आल्या होत्या, फायलींचा गठ्ठा घेऊन. बरं झालं डेसी तेव्हा इथं होती. डेसी म्हणजे माझी भावजय, गेलेल्या भावाच्या, हर्शलच्या मागं राहिलेली. शेजारच्या परगण्यातल्या कोंबड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं पंख छाटतेय. रोज पाळी सुटली की गाडी थेट माझ्या दारात आणते आणि ट्विला येईपर्यंत बसते.

तर प्रॅदरबाईंचं म्हणणं असं: एजन्सीला जे सरकारी पैसे माझ्या नावानं जातात, ते माझ्याच हातात द्यायचे. माणूस मी निवडायचं, वेळ मी ठरवायची, पटलं नाही तर मीच काढायचं! आमच्यासारख्यांना हे जमतं का, हे करून बघायला एका मोठ्या धर्मादाय न्यासानं देणगी दिलीय. कुणीतरी श्रीमंत माणूस कधीच मरून गेला, त्याचा पैसा.

"म्हणजे आम्ही ते पैसे दारूत उडवतो का ते बघायचंय त्यांना?" मी म्हटलं.

डेसी खो खो हसली. प्रॅदरबाई लाल झाल्या. मग म्हणाल्या, "खरं सांगायचं तर, काही लोकांना तशीच भीती आहे."

मला आवडल्या बाई.

पण मेख पुढं आहे. सगळ्यांना मिळणार नाही. संगणक नावं काढणार, अर्ध्यांना मिळणार. उरलेल्या अर्ध्यांचं आहे तसंच चालू, फक्त त्यांना फोन करून विचारणार की कसं चाललंय. तुलना करायला कुणीतरी लागतं ना! मी मदतीचं माणूस म्हणून डेसीचं नाव लिहिलं. तिनं मान डोलावली. सही करताना प्रॅदरबाईंनी कागद धरून ठेवला.

१० मार्च, बुधवार

डेसी आल्या आल्या म्हणाली, "काय मालकीणबाई, पगारवाढ कधी?"

हसले. मग दिवसभर तेच डोक्यात. डेसीची मालकीण मी? उद्या तिला उशीर झाला तर मी रागवायचं? आणि तिला साखरेचा आजार, इन्शुलिन येतं ते कारखान्याच्या विम्यावर. या योजनेत विमा नाही. विचारलं तर म्हणे, "बघू गं. आधी मिळू तर दे."

१४ मार्च, रविवार

काय केलं मी हे!

चर्चमध्ये हॅस्कल पाद्री आज भरात होते. मिळाल्यावर आभार कुणीही मानतं म्हणाले, त्यात विश्वास कसला? हातात काही नसताना जो आभार मानतो, तो खरा. मग नेहमीसारखं, देवानं काय दिलं याची साक्ष कुणाला द्यायचीय का? बाकीचे उभे राहून देतात. मी हात वर केला. माझाच हात, पण मलाही आधी कळलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "ती नवी योजना मला दिल्याबद्दल मी देवाचे आभार मानते. ती मला मिळालीय."

चाळीस माणसं एका आवाजात 'आमेन' म्हणाली. बायका येऊन गळ्यात पडल्या. हॅस्कल पाद्रींच्या डोळ्यांत पाणी.

आपल्यात असं आभार मानणं म्हणजे कबुली. मागं फिरता येत नाही. मागं फिरलं की विश्वास कच्चा होता असं ठरतं. घरी आल्यावर मला चाकांच्या खुर्चीत नीट बसवताना डेसी एवढंच म्हणाली, "चांगलं बोललीस."

२१ मार्च, रविवार

आज डेसी उभी राहिली. साक्षीच्या वेळी! ही बाई आयुष्यात कधी चर्चमध्ये तोंड उघडत नाही. म्हणाली, "ऑर्फानं आभार मानले, मग मी मागं का राहू? मी कारखान्यात राजीनामा दिलाय. तीस एप्रिल शेवटचा दिवस."

आमेन, आमेन.

घरी येताना म्हटलं, "डेसी, अगं वेडी आहेस का? पत्र तरी येऊ द्यायचं!"

"तू पत्राची वाट बघितलीस?"

"माझं निराळं. आणि इन्शुलिन?"

"तू चाळीस माणसांसमोर देवाचे आभार मानायचे आणि मी कोंबड्या कापत बसायचं? लोक काय म्हणतील तुला?" आणि रेडिओ मोठा केला.

२४ मार्च, बुधवार

झोप नाही. बावीस वर्षांची नोकरी. तिला अजून सात वर्षं आहेत पेन्शनला. हर्शल असता तर त्यानं मलाच झापलं असतं.

विचारलं, "तुझा मुकादम काही बोलला का?" तर म्हणे, "तो काय बोलणार!" आणि माझी नखं कापायला बसली.

३० मार्च, मंगळवार

न्यासाच्या मोजणीवाल्यांचा फोन. दूर कुठल्यातरी शहरातली मुलगी, भरभर बोलणारी. तुम्ही मिळणाऱ्या मदतीवर फार समाधानी, बऱ्यापैकी समाधानी, फारशा समाधानी नाही, की अजिबात नाही?

साडेपाचचं सांगावं म्हटलं. तीननंतर पाणी पीत नाही तेही सांगावं. पण तेवढ्यात वाटलं, एजन्सीला कळलं तर? ट्विलाची नोकरी गेली तर? म्हटलं, "बऱ्यापैकी."

"धन्यवाद!" पुढचा प्रश्न.

शेवटी म्हणाली, आता तुमचं नाव संगणकात जाईल, दोनेक आठवड्यांत पत्र येईल. फोन ठेवल्यावर स्वतःलाच शिव्या घातल्या. बऱ्यापैकी म्हणे!

४ एप्रिल, ईस्टर

डेसीनं हॅम आणि नारळाचा केक आणला. आज एजन्सीला सुट्टी, म्हणून डेसीनंच मला झोपवलं. साडेनऊला! अंधार पडेपर्यंत आम्ही पुढच्या ओसरीवर बसलो. काही खास बोललो नाही. बेडूक ओरडत होते. डेल्बर्टच्या कुंपणाचा रंग वाईट आहे यावर आमचं एकमत झालं.

मला हेच हवंय. अंधार पडेपर्यंत बाहेर बसायचं आणि आपल्याला झोप आली की आत जायचं. याहून जास्त काही मागत नाही मी.

१० एप्रिल, शनिवार

पत्र नाही.

१२ एप्रिल, सोमवार

नाही.

१३ एप्रिल, मंगळवार

आलं. ट्विलानं टपालपेटीतून आणून मांडीवर टाकलं आणि मोजे काढायला बसली. मी दातांनी फाडलं.

नाही मिळालं.

फार गोड भाषेत लिहिलंय. आपण तुलनेच्या गटात आहात, आपला सहभाग तितकाच मोलाचा आहे, नऊ महिन्यांनी आम्ही पुन्हा फोन करू.

ट्विलानं विचारलं, "काही वाईट बातमी?" म्हटलं, "नाही गं, जाहिरात आहे." ती टाकायला निघाली तर ओरडले तिच्यावर. ते पत्र खुर्चीच्या गादीखाली सारायला लावलं. बिचारीनं काही विचारलं नाही, सातवी वाट बघत असणार.

आता डेसीला सांगायचं. उद्याच. अजून सतरा दिवस आहेत, राजीनामा मागं घेता येईल.

१४ एप्रिल, बुधवार

सांगितलं नाही. ती दमून आली होती, मनगटं सुजलेली. म्हणाली, "तीस तारखेनंतर हे पंख छाटणं संपलं बघ."

१६ एप्रिल, शुक्रवार

नाही सांगितलं.

१८ एप्रिल, रविवार

देवाच्या घरात खोटं बोलले. हॅस्कल पाद्रींनी दारातच विचारलं, "पत्र आलं का, ऑर्फाबाई?" म्हटलं, "अजून नाही." आणि तेव्हा मी त्याच पत्रावर बसले होते! ते म्हणाले, येईल, येईल, आभार मानून झालेत ना. डेसी शेजारीच उभी. माझ्याकडं बघतेय असं वाटलं. मी स्तोत्रांच्या पुस्तकात डोकं घातलं, ते उलटं धरलं होतं.

मी का बोलत नाही? सगळे म्हणतील हिचा विश्वास कच्चा, हे एक. पण खरं कारण या वहीत तरी लिहिते. सांगितलं की संपलं. डेसी कारखान्यात जाईल, मी साडेपाचला झोपेन, मरेपर्यंत. न सांगता जितके दिवस जातायत, तितके दिवस ती माझ्याकडं कायमची यायची आहे. फार नीच आहे हे. तिच्या इन्शुलिनवर मी माझे चार सुखाचे दिवस काढतेय.

२१ एप्रिल, बुधवार

प्रॅदरबाईंना फोन केला. पुन्हा सोडत होते का म्हटलं. कुणी मेलं तर त्याची जागा? विचारून मलाच लाज वाटली.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "हे सिद्ध झालं की सगळ्यांना मिळावं असा आमचा प्रयत्न आहे. दोन-तीन वर्षं लागतील."

"म्हणजे मला मिळालं नाही, हेही तुम्हाला हवंय?"

मग म्हणाल्या, "हो. तुमच्याशी खोटं नाही बोलणार. तुमच्यामुळंच ते सिद्ध होणार आहे."

बाईंचा राग येत नाही हेच वाईट. राग आला असता तर बरं वाटलं असतं.

२४ एप्रिल, शनिवार

डेसीनं बाजारातून न्हाणीत बसायची खुर्ची आणली. पांढरी, प्लास्टिकची, जुनीच, पण घासूनपुसून आणलेली. "बसून बघ." बसवलं मला त्यात, कपड्यांनिशी. दोघी हसलो. मग मला रडू आलं, तर तिला वाटलं आनंदानं. "झालं गं झालं, किती हळवी तू," म्हणाली आणि तिचाही चेहरा कसातरीच झाला.

२७ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस उरले. ताट रोज अर्धं तसंच परत जातं. ट्विला म्हणते एजन्सीला कळवावं लागेल, वजन घटलंय. आणि पुढं काय? वृद्धाश्रमात पाठवतील? तिथं तर साडेचारलाच निजवतात म्हणे.

आज डेसी दोनदा काहीतरी बोलायला आली आणि गप्प झाली. कारखान्यात निरोपाचा केक वगैरे ठरला असेल, मला वाईट वाटू नये म्हणून सांगत नसेल.

२९ एप्रिल, गुरुवार

सकाळीच ट्विलाला म्हटलं, ते पत्र काढ आणि टेबलावर ठेव, मला दिसेल असं. चुरगळून कागदाचा पापड झालाय.

आता सव्वातीन. चारला डेसी येईल. आज सांगितलं तर ती उद्या सकाळी मुकादमाचे पाय धरू शकेल. नाही सांगितलं तर उद्या दुपारनंतर धरायला कुणी उरणार नाही. तोंडातून शब्द फुटले नाहीत तर पत्र पुढं सरकवायचं, एवढं तर हाताला जमेल. मग तिला काय बोलायचं ते बोलू दे. शिव्या देऊ दे. पुन्हा येणार नाही म्हणाली तरी मी गप्प ऐकून घेईन. चुकलंय माझं, देवाचं नाही, संगणकाचंही नाही.

गाडी आली वाटतं. नाही, डेल्बर्टची आहे.

आली.

३० एप्रिल, शुक्रवार

डेसीनं राजीनामा दिलाच नव्हता.

पत्र वाचून म्हणाली, "तू सगळ्यांसमोर हात वर केलास. तुला तिथं एकटीला कशी सोडणार होते मी?" तीही म्हणे रोज सांगायचं ठरवून यायची. आज नेहमीसारखी कामाला गेली. देवा, केवढं ओझं उतरलं! किती तरी दिवसांनी पोटभर जेवले.

पत्रात 'हो' असतं तर नोकरी सोडली असतीस का गं? — हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.