अप्पा हसवत नव्हते

प्रिय भुवन,

फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून लिहितेय. माझं मराठी कसलं ते तुला ठाऊक आहे. चुका पोटात घाल.

तू पुण्याहून फोन करतोस, अप्पा फाडकन एक म्हण टाकतात आणि तू खूश. "अक्का, अप्पा झाले की बरे!" कसले बरे? मार्चमध्ये पॅरालिसिसचा झटका आल्यापासून त्यांना 'पाणी' म्हणता येत नाही, 'सुष्मा' म्हणता येत नाही. त्यांना बोलायला शिकवणारी सहाना सांगते, जन्मभर घोकलेलं तेवढं जिभेवर उरतं, बाकीचे शब्द सापडत नाहीत. ती कन्नड, तिला म्हणी कळत नाहीत. मला कळतात, पण उपयोग काय? म्हणीचा अर्थ एक, त्यांचं मागणं भलतंच. लहानपणी आपण म्हण चुकीच्या जागी वापरली की हेच अप्पा दहादा वाक्य करायला लावायचे. आता पाण्याला कोल्ह्याची म्हण, पंख्याला सासूची. मी अंदाज बांधते, चुकते, ते चिडतात, मीही ओरडते. परवा तर ताट आपटलं मी. अय्यो, ऐंशीच्या माणसासमोर!

रविवारी तुझा व्हिडिओ कॉल आला. फोन त्यांच्यासमोर उभा करून मी डोशाचं पीठ वाटायला गेले. ग्राइंडरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा कॉल संपला होता. अप्पा भिंतीकडे तोंड फिरवून बसलेले. धोतर ओलं, खुर्ची ओली. मी त्यांना धुतलं, कपडे बदलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आज ऑफिसात पद्मनाभनं मोबाईल पुढे केला. "नोडी, बघा सुष्मा, तुमचे अप्पा फेमस!" त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, तरी हसत होता. तू रविवारचा कॉल रेकॉर्ड करून फेसबुकवर टाकलास, सगळ्यांना दाखवलास. अप्पा एकच म्हण सात वेळा म्हणतात, दर वेळी जास्त जोरात, चांगल्या हातानं खुर्ची बडवत, न्हाणीच्या दाराकडे मान वळवत. आणि तू हसतोस, "अप्पा, अजून एकदा!" खाली चार हजार लोक हसलेत.

भुवन, त्यांना लघवीला जायचं होतं रे. ते तुला सांगत होते. तो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढून टाक. आणि रजा टाकून ये, पंधरा दिवस त्यांच्याजवळ बस.

रागावलेली, तरी तुझीच,
सुष्माक्का