आतल्या खोलीच्या भिंतीबाबत

परम दयाळू अल्लाहच्या नावाने.

मी म्वानातुमू, लामू बेटावरचे चुना भाजणारे कोंबो यांची मुलगी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय करत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री काझींच्या कारकुनाने करून घेतली. माझ्या जावयाच्या बुद्धीची कोणी केली नाही, म्हणून पुढची कलमे लिहावी लागत आहेत.

१. मी गेल्यावर माझ्या देहाला रीतीप्रमाणे घराच्या आतल्या खोलीत आंघोळ घालावी. याच खोलीत मी जन्मले, माझी मुलगी रुकियाही जन्मली. सध्या तिथली भिंत पाझरते. माझ्या अंगावर पाणी माणसांनी घालावे, भिंतीने नव्हे.

२. राहते घर माझे नाही. आईने मला दिले तसे मी ते रुकियाला तिच्या लग्नात दिले. त्यामुळे तिथे कोणी काय थापावे हे मला मृत्युपत्रातून सांगता येत नाही, असे कारकून म्हणतो. झाले ते तरी नोंदवते.

गेल्या पावसाळ्यात मी डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मोंबासाला होते. परत आले तर आतली खोली राखाडी. रुकियाचा नवरा शेखुवे दारात हसत उभा.

"आई, तिमाच्या लग्नासाठी केलं. सगळं सिमेंट. आता पुन्हा बघायला नको."

"अरे, घर प्रवाळाच्या दगडाचं आहे. खालून ओल चढते, ती चुन्यातून बाहेर जाते. आता कुठून जाईल?"

"आई, तुम्ही भिंतीच्याही सासूबाई!"

रुकिया हसली. तेही नोंदवते.

आता भिंतीला मिठाचा लोणा लागला आहे. सिमेंटचे पापुद्रे सुटतात, ते माझ्या आईच्या कोनाड्यांची नक्षी घेऊनच खाली येतात. ईदनंतर माझी नात तिमा नवरी म्हणून याच भिंतीपुढे बसायची आहे. शेखुवे म्हणतो, पडदा लावू.

३. कायद्याने माझे वारस दोन: रुकिया आणि माझा भाऊ हमादी. पलंग, भांडी आणि होडीतला हिस्सा त्यांना शरियतप्रमाणे मिळावा. गाढव हमादीने एका दिवसासाठी म्हणून नेले होते. ते त्याच्याकडेच म्हातारे झाले. ते त्याच्या हिश्श्यात धरावे.

४. परसातल्या खड्ड्यात चुना मुरतो आहे. वडिलांच्या पद्धतीने, कांदळाच्या लाकडावर, मी तो उभी राहून भाजून घेतला. तो, गिलाव्याची करणी, चाळणी आणि घोटायचा दगड रुकियाला द्यायचे होते.

कारकून मला मानाने बी म्हणतो. तो म्हणाला, "बी, वारसाला असं वेगळं देता येत नाही. एक तृतीयांशापर्यंत परक्याला देता येतं."

"परका म्हणजे?"

"जो वारस नाही तो. जावई चालेल."

मी त्याला कायद्याचे पुस्तक पुन्हा उघडायला लावले. पुस्तक बदलले नव्हते.

म्हणून हे सर्व शेखुवेला. अट अशी की सिमेंट त्याने स्वतः छिन्नीने हळूहळू काढावे आणि भिंत सुकू द्यावी. मग चुन्याचे पातळ हात द्यावेत, वर ओले पोते धरावे आणि एक हात घट्ट झाल्याशिवाय दुसरा देऊ नये. घाई तिमाला असेल, चुन्याला नाही. शिकवायला मी आहे, असेन तोवर.

५. त्याने नकार दिल्यास सगळा चुना शेजारच्या बी झेनाला जावा. तिने माझ्या लग्नात आमच्या गिलाव्याला भाताची पेज म्हटले होते, तेव्हापासून आम्ही बोलत नाही. तरी तिची भिंत पांढरी होऊ दे. शेखुवेला ती गच्चीवरून रोज दिसेल.

६. काम माझ्या हयातीत झाले तर द्यायला चुना उरणार नाही आणि वरची दोन कलमे फुकट जातील. माझी हरकत नाही.

सही: म्वानातुमू बिंती कोंबो
साक्षीदार: मझीद अबूद, काझींचा कारकून; ओमारी मशाम, मशिदीत बांग देणारा
लामू, शाबानची नववी, हिजरी १४१४

शव्वालची तिसरी, ईदचा तिसरा दिवस. कलम चार आणि पाच मी माझ्या हाताने खोडले. चुना आतल्या भिंतीवर संपला. डाव्या कोनाड्याच्या कोपऱ्यात अजून एक हात हवा होता. शेखुवेला सांगितले आहे.