सशाची मापं

चि. सौ. धाकटीस आशीर्वाद. मी तुझी थोरली बहीण. ओळख सांगितलेली बरी, कारण मागच्या पत्राला उत्तर नाही, म्हणजे तू मला विसरलीच असशील. गुडघे कसे आहेत? इकडे सगळं ठीक, फक्त तुझे दाजी तापानं फणफणलेत. (सून म्हणते, मग ठीक कसं? तिला म्हटलं, तू लिही.)

आधी यांच्या बोटाला फोड आला, तो चिघळला, मग काखेत लिंबाएवढी गाठ. शिंप्याचं बोट, सुई टोचली असेल म्हणून मी पट्टी बांधली. गोळ्या झाल्या, ताप हटेना. डॉक्टरीणबाई विचारायच्या, कुठल्या जनावराला हात लावलात का? हे आधी माझ्याकडे बघायचे, मग छताकडे, आणि म्हणायचे, छे. शेवटी बाईंनी मला पाणी आणायला बाहेर धाडलं. मी पाणी घेऊन येते, तो निदान तयार.

दुकानामागच्या बोळात यांना आजारी रानससा सापडला होता. मी घरात जनावर येऊ देत नाही, म्हणून चिंध्यांच्या पेटीत लपवला. तो मेला. उघडा कसा पुरायचा, म्हणून यांनी त्याला पिशवी शिवली, कानांसकट मापं घेऊन, वर अस्तर लावून. (माझं पोलकं अजून बिनबाह्यांचं पडलंय.) तेव्हाच टोचलेल्या बोटातून रोग आत शिरला. ट्युलारेमिया म्हणतात, नाव सुनेनं चिठ्ठीवरून उतरवलंय. बारीक जंतू असतात म्हणे, ससे-उंदरांकडून माणसात येतात. आता तूच सांग, ससा मेल्यावर त्याचा आजार मागे कसा जगतो? चावला नाही, बोचकारलं नाही. आणि माणसाकडून माणसाला होत नाही म्हणतात. म्हणजे जन्मभर शेजारी निजून यांनी माझं काही घेतलं नाही, सशाचं तेवढं घेतलं.

बाई म्हणाल्या, आणखी लपवलं असतं तर जिवावर बेतलं असतं. माणूस मरायला तयार, पण बायकोला ससा सांगायला तयार नाही. मी एवढी वाईट आहे का गं? उत्तर देऊ नकोस.

तुझी ताई

ता. क. परसात मेलेला ससा किंवा उंदीर दिसला, तर उघड्या हातानं उचलू नकोस.

आणखी एक ता. क. वरचं सगळं यांच्या देखत सांगितलं. आत्ता यांचा डोळा लागलाय. इंजेक्शनांनी ताप उतरतोय, पण अन्नाला शिवत नाहीत, आणि मला काही सुचत नाही. तुझ्या झाडाची डाळिंबं हवीत म्हणाले, तेही सुनेच्या कानात. अजून मला भितात. तेव्हा आपणहून पाठवल्यासारखी टोपलीभर पाठव. दाणे काढून मात्र पाठवू नकोस, ते मी काढीन.