पदराची नोंद

७ फेब्रुवारी १९८९, धुळे

भिकाच्या केसमध्ये आज मुख्य साक्षीदार. वाट लागली.

भिका सालदार. पिंपळनेरच्या अलीकडे आबांच्या मळ्यात वर्षाच्या बोलीवर राबणारा. आबांचा धाकटा भाऊ विहिरीवर मेला, डोक्यात कुऱ्हाडीचा दांडा बसून. पाण्याच्या पाळीवरून भांडत होते दोघे भाऊ, आणि आरोपी भिका. वकील करायची ऐपत नाही म्हणून कोर्टाने त्याची केस मला दिलीय.

साक्षीदार सिंधू, आबांची सून. त्या दिवशी भाकरी घेऊन मळ्यात गेलेली. बघणारी ती एकटीच. पिंजऱ्यात उभी राहिली ती पदर हनुवटीपर्यंत ओढून. सरकारी वकिलांनी विचारलं, "भिका पळताना दिसला ना?" पदर जरासा हलला. बस. जज्जसाहेबांनी टायपिस्टला सांगितलं, "मी आरोपीला मृताजवळून पळून जाताना पाहिले." अख्खं वाक्य! मी उठले. प्रश्नातच उत्तर भरलंय म्हटलं. "बसा, मॅडम."

मग माझी उलटतपासणी. दांडा तुमच्या सासऱ्यांनी मारला ना? गप्प. भिका गावातली माणसं बोलवायला पळाला ना? गप्प. पुन्हा विचारलं, चढ्या आवाजात. ढिम्म. "साक्षीदार उत्तर देत नाही," टाइप झालं. तेवढ्यात कोर्टाची वेळ संपली. बाकीचं २१ ला.

८ फेब्रु.

सकाळीच भिकाची बायको सुमन दारात. चहाला नको म्हणाली. रागावलेली, माझ्यावरच.

"ताई, सासरा समोर बठेल व्हता. ती बोलाव नही. त्या घरमा सूनना आवाज सासराना कानवर पडत नही. बठ्ठा गावले माहीत शे."

आबा पहिल्याच बाकावर होते. मला दिसले होते की! डोक्यात काही आलंच नाही. माझं माहेर पहूरचं. आमच्या बौद्धवाड्यात बाया सासऱ्याशीच काय, फौजदाराशीही भांडतात. सासरा समोर असला की गप्प बसायचं, हे माझ्या गावीही नव्हतं. आणि मी त्या बाईवर ओरडत होते. स्वतःचाच इतका राग आला की दुपारी जेवण गेलं नाही.

सुमन म्हणते, खुनाच्या दिवशीच सिंधू बायांमध्ये रडत म्हणाली होती, भिकाभाऊनी काही करेल नही. ऐकीव. कोर्टात शून्य किंमत.

११ फेब्रु.

तुरुंगात भिकाला भेटले. वाळलाय. "मी मारेल नही, ताई," एवढं एकदा म्हणाला. मग विचारतो काय, "बैलसले पानी कोन पाजस आते?" ज्याच्यामुळे आत आहे त्याचे बैल! फाशी किंवा जन्मठेप, काय होऊ शकतं ते त्याला नीट सांगायला गेले होते. नाही सांगवलं.

१२ फेब्रु.

जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हसले. "तू तरी माझं नाव घेतेस का कधी?" मागची पानं चाळली. खरंच, वर्षभर नुसतं 'हे', 'ह्यांना', 'ह्यांचं'. एल.एल.बी. होऊन ही गत. पण मी बोलते तरी! ह्यांनाच विचारा किती बोलते ते.

१५ फेब्रु.

बाररूममध्ये पाठीमागून कोणीतरी, "मॅडम आपल्या माणसासाठी लढताहेत." भिका भिल्ल. माझा ना सोयरा ना धायरा. पण उत्तर द्यायला गेले असते तर भांडण झालं असतं, आणि मला २१ पर्यंत डोकं थंड ठेवायचंय.

आपल्याकडे साक्ष द्यायची साक्षीदाराने, शब्द मात्र साहेबांचे. बाई अहिराणीत बोलणार, साहेब त्याचं पुस्तकी मराठी करून टाइप करवणार. वर अपिलात तेवढेच कागद वाचतील. बाई कोणाला दिसणार नाही. हे बदललं पाहिजे, असं दर वार्षिक सभेत भाषण होतं. मग चिवडा.

आबांची जीप आज आमच्या गल्लीत उभी होती. कोणी उतरलं नाही. ह्यांनी खिडकी लावून घेतली.

२० फेब्रु.

अर्ज दिला होता, सिंधूची साक्ष होईपर्यंत आबांना बाहेर बसवा म्हणून. नामंजूर. साहेब म्हणाले, "खुलं कोर्ट आहे. मृताचा सख्खा भाऊ. त्याची साक्ष झालेली आहे. कुठल्या आधारावर बाहेर काढू?" साहेब वाईट नाहीत, हेच वाईट. त्यांना त्यात अन्याय दिसतच नाही.

सिंधू बोलली तर घर गेलं तिचं. नाही बोलली तर भिका गेला. मी कोण तिला बोल म्हणणारी? आणि उद्या तेच म्हणणार आहे.

२१ फेब्रु., मधली सुट्टी

घाईत लिहितेय.

आबा पहिल्या बाकावरच. सिंधू आली, तसाच पदर. या वेळी जवळ गेले, हळू विचारलं. "सिंधूताई, दांडा कोणी मारला?"

साहेबांनी टायपिस्टकडे मान वळवली. आणि सिंधूने पदर मागे सारला. तोंडावरून, मग डोक्यावरूनही. पार खांद्यावर टाकला. वळली आणि आबांकडे बघत राहिली. डोळ्यांत डोळे घालून. कोर्टात खेड्यापाड्यातली जेवढी माणसं होती तेवढ्यांचा श्वास अडकला. आबांनी मान खाली घातली, टोपी काढली, परत घातली.

एक शब्द नाही बोलली.

साहेब: "साक्षीदार उत्तर देत नाही."

मी अक्षरशः ओरडले. ह्याची नोंद घ्या म्हटलं. मागच्या तारखेला नुसता पदर हलला तर तुम्ही तिचं वाक्य केलंत, भिकाच्या विरुद्ध. आज तिने सासऱ्यासमोर डोकं उघडं केलं, हे उत्तर नाही? सरकारी वकील म्हणाले, बाईंना उकडलं असेल. पाठीमागे कोणीच हसलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "डोक्यावरून पदर काढला, हे मी काय म्हणून लिहू, मॅडम?"

म्हटलं, जसं घडलं तसं लिहा. अर्थ मागाहून लावा.

टायपिस्टची बोटं तशीच वर. साहेब सिंधूकडे बघत होते, पहिल्यांदाच. "उद्या अकराला सांगतो."

२१ फेब्रु., संध्याकाळ

आबांची जीप सिंधूला न घेता गेली. ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली, डोकं अजून उघडंच.

मी घरी नेऊ शकत नाही. आरोपीच्या वकिलाने साक्षीदाराला घरी नेलं, एवढं बोलायला मिळालं की उद्या सगळं मातीत. सरकारी वकिलांना म्हटलं, तुमची साक्षीदार, तुम्ही सोय करा. पिंपळनेरला तिचा भाऊ आहे, निरोप तरी धाडा. "बघतो," म्हणून शिपायाला शोधायला गेले ते गेलेच. मी लांब खांबाजवळ उभी. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

मग सुमन आली. कोणाला विचारलं नाही. सिंधूच्या शेजारी जाऊन बसली आणि फडक्यातली भाकर सोडून तिच्यापुढे धरली.

आरोपीची बायको, सरकारी साक्षीदार, एका बाकावर! साक्षीदार फितवली म्हणतील, भिकाच्या गळ्याशी येणारी गोष्ट. मी सुमनला तिथून उठवायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, "सुमन, इकडे ये."

नाही मारली हाक. सिंधू जेवत होती. वर बघितलं तर सरकारी वकील जिन्यात उभे, दोघींकडे बघत.