वाकडा ळ

बोईसर, मंगळवार संध्याकाळ

बाबांनी रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो घेऊन त्यांच्या अक्षराचा खेळकर फॉन्ट करतेय. आज स्क्रीनवर 'कोळगाव' लिहून दाखवलं. बाबा म्हणाले, "बाकी सगळं माझंच हाय, पण हा ळ माझा नाय."

खरंय. तो वाकडा ळ मीच दुपारी सरळ केला होता. वाटलं, ब्रश घसरला असेल. तसं बाबांना सांगितलं.

"तो कोळगावच्या पाटीवरचा. तुझी आई खाली शिडी धरून उभी होती. कायतरी बोलली, मला हसू फुटलं, हात हलला."

"काय बोलली?"

"आता आठवत नाय."

आईला जाऊन चार वर्षं झाली. मी काय पुसायला निघाले होते! ळ परत वाकडा केला. आता कुणीही ळ टाइप करो, बाबा शिडीवर हसणार.